हिरव्या चहातील कॅटेचिन: कर्करोग आणि रक्ताची गुठळी

ठाण्याच्या तलावपाळीवर किंवा डोंबिवली स्थानकाबाहेरच्या टपरीवर उकळणारा चहा आणि औषधाच्या दुकानात वजन कमी करण्यासाठी विकला जाणारा हिरवा चहा, हे दोन्ही कॅमेलिया सायनेन्सिस या एकाच झुडपाच्या पानांपासून होतात. हिरव्या चहासाठी खुडलेली पाने लगेच वाफवतात वा भाजतात, त्यामुळे पानातील विकरे निकामी होऊन कॅटेचिन नावाची संयुगे टिकतात. काळ्या चहात पाने चुरडून हवेत ठेवल्याने या कॅटेचिनांचेच रूपांतर थिआफ्लेविन व थिआरुबिजिन यांत होते. कॅटेचिनांपैकी सर्वाधिक प्रमाण एपिगॅलोकॅटेचिन गॅलेटचे, म्हणजेच ईजीसीजीचे असते.

काचपात्रात वाढवलेल्या कर्कपेशींवर ईजीसीजी टाकले की त्यांची वाढ मंदावते. परंतु त्या प्रयोगांतील मात्रा, काही कप चहा प्यायल्यावर रक्तात आढळणाऱ्या मात्रेच्या कितीतरी पट असते, आणि हा तपशील जाहिरातींत कधीच येत नाही. इटलीत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रोस्टेट ग्रंथीत कर्करोगपूर्व बदल असलेल्या ६० पुरुषांपैकी निम्म्यांना वर्षभर रोज ६०० मिलिग्रॅम कॅटेचिन दिले, तेव्हा त्यांच्यापैकी एकाला, तर उरलेल्या ३० पैकी नऊ जणांना कर्करोग झाला. हा निकाल आशादायक असला तरी नंतरच्या अमेरिकी चाचणीत तसा ठोस फरक दिसला नाही, आणि १४२ अभ्यासांचा २०२० मधील कॉक्रेन आढावाही परस्परविरोधी पुराव्यापाशीच थांबला. खारघरच्या अॅक्ट्रेक या टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संस्थेत डॉ. गिरीश मारू यांच्या गटाने काळ्या चहातील पॉलिफेनॉलांवर काम करून, उंदरांच्या त्वचेवर रसायनांनी निर्माण होणाऱ्या गाठींना ती रोखतात असे दाखवले. ज्या प्रदेशात घरोघरी काळाच चहा उकळतो, तेथे या कामाची चर्चा खरे तर अधिक व्हायला हवी होती.

रक्त गोठण्याच्या बाबतीत हिरवा चहा दोन विरुद्ध दिशांनी ओढतो. प्लेटलेट या सूक्ष्म रक्तकणिका एकमेकींना चिकटून गुठळीचा पाया घालतात आणि ईजीसीजी ते चिकटणे कमी करते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. उलट, चहाच्या सुक्या पानांत रक्त गोठण्यास मदत करणारे के जीवनसत्त्व असते. कृत्रिम झडप बसवलेल्या किंवा हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या वॉरफरिन व अॅसिनोकूमारॉल या गोळ्या नेमके याच जीवनसत्त्वाचे कार्य अडवून गुठळी टाळतात. गाळलेल्या चहात ते अत्यल्प उतरते, म्हणून एक-दोन कपांनी सहसा बिघडत नाही. मात्र १९९९ साली नोंदलेल्या एका प्रकरणात दिवसाला सुमारे दोन ते चार लिटर हिरवा चहा पिणाऱ्या वॉरफरिनच्या रुग्णाचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याच्या वेळेचा निर्देशांक, १.३७ पर्यंत घसरला, याचा अर्थ गोळीचे संरक्षण जवळजवळ उरले नाही. पान दळून संपूर्ण पोटात जाणाऱ्या माचा या हिरव्या चहाच्या भुकटीची गोष्ट अर्थातच वेगळी आहे.

अधिक चिंता कपाची नव्हे, अर्काच्या कॅप्सूलची वाटते. रोज ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक ईजीसीजी पूरक म्हणून घेतल्यास यकृताची विकरे वाढू शकतात, असे युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये नोंदवले. कल्याणहून लोकलने परळला कर्करोगाच्या उपचारांसाठी जाणाऱ्या रुग्णाला नातेवाईक ताकद येईल म्हणून अशी कॅप्सूल मायेने देतात; पण मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगावरील बोर्टेझोमिब या औषधाशी ईजीसीजी थेट बांधले जाऊन त्याचा परिणाम नाहीसा करते, असे २००९ मध्ये पेशींवर आणि उंदरांवर दिसून आले, आणि म्हणून अशा कॅप्सूलची माहिती उपचार सुरू होण्याआधीच डॉक्टरांना असणे आवश्यक ठरते.