गोळ्या चालू, तरी साखर तीनशे : दोष फक्त पेशंटचा नाही

“गोळ्या चालू आहेत ना? मग साखर का वाढली? गोड खात असाल.” प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडीत आपल्या वस्तीतल्या माणसांना हे ऐकून घ्यावं लागतं. माणूस खाली मान घालून तीच चिठ्ठी, त्याच गोळ्या घेऊन घरी येतो. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

टाइप टू मधुमेह एका जागी थांबणारा आजार नाही. शरीराची इन्सुलिन तयार करण्याची ताकद वर्षागणिक कमी होत जाते. म्हणून पाच वर्षांपूर्वी पुरलेली गोळी आज पुरेलच असं नाही, मग पथ्य कितीही पाळा. मेटफॉर्मिन साधारण ५०० मिलीग्रॅमपासून सुरू होते आणि मूत्रपिंड चांगलं असेल तर दिवसाला २००० पर्यंत नेता येते. तरीही भागलं नाही तर दुसरी गोळी, मग इन्सुलिन. प्रत्यक्षात कित्येक पेशंट वर्षानुवर्षं पहिल्याच पायरीवर असतात. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरांना जुनी चिठ्ठी पुढे चालू ठेवणं सोपं जातं, आणि आपला माणूस विचारत नाही. विचारायचं असतं हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

बाबासाहेबांना शेवटच्या वर्षांत मधुमेहाने किती छळलं ते आपण जाणतो. माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या, त्यांच्या औषध-पथ्याकडे लक्ष देत होत्या. वस्तीतल्या मजुराच्या घरात असं कोणी नसतं. ती जागा थोडीफार कार्यकर्ता भरून काढू शकतो.

पेशंटसोबत केंद्रात गेलात तर आधी एचबीएवनसीबद्दल विचारा. ही तपासणी मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते. बहुतेकांसाठी ती ७ टक्क्यांच्या आत असावी. वय जास्त असेल, इतर आजार असतील तर डॉक्टर थोडी सूट देतात. ९-१० असेल आणि औषध तेच राहिलं असेल, तर “डोस बदलायचा का?” असं नम्रपणे पण स्पष्ट विचारा. केंद्रात ही तपासणी होत नसेल तर ग्रामीण रुग्णालयात होईल का ते विचारा.

विदर्भात एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्या समाजात सिकलसेल आहे. सिकलसेलच्या आजारात लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे एचबीएवनसी खोटी कमी दिसू शकते. उलट लोहाच्या कमतरतेत ती खोटी जास्त येऊ शकते. अशा पेशंटच्या बाबतीत उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर जास्त विश्वासाची. घरात सिकलसेल असेल तर ते डॉक्टरांना न विचारता सांगा.

औषध वाढवण्याआधी दुसरी कारणंही पाहावी लागतात. मजुरी बुडते म्हणून माणूस केंद्रात जात नाही आणि मध्येच गोळ्या संपतात. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलं की चार-पाच महिने तुटतात. निघण्यापूर्वी जास्त दिवसांच्या गोळ्या मागून घ्याव्यात, हे सांगणारा कोणी हवा. गुडघेदुखीसाठी भोंदू डॉक्टरने दिलेल्या पुडीत स्टेरॉइड असेल तर साखर भराभर चढते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर टीबीची तपासणी करून घ्या; मधुमेहात टीबीचा धोका वाढतो.

इन्सुलिनचं नाव काढलं की घरात सुतक असल्यासारखं होतं. “आता शेवट आला,” असं म्हणतात. शेवट इन्सुलिनने येत नाही, ते टाळत राहिल्याने पाय, डोळे, किडनी जाते. एक मात्र काटेकोर पाहा : ४० युनिटच्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज, १०० युनिटच्या बाटलीला केशरी टोपणाची. अदलाबदल झाली तर डोस घातक चुकतो. फ्रिज नसेल तर ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या मडक्यात, सावलीला बाटली ठेवता येते. बर्फात नको.

आता आपल्या विहारातली गोष्ट. पौर्णिमेला अनेक उपासिका अष्टशील पाळतात, दुपारनंतर जेवत नाहीत. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्या बाईची साखर अशा वेळी ७० च्या खाली जाऊ शकते : घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, बडबड. लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, दवाखान्यात न्या. त्या दिवशी संध्याकाळच्या डोसचं काय करायचं, हे पौर्णिमेच्या आधीच डॉक्टरांना विचारून ठेवावं. स्वतःच्या मनाने डोस सोडणंही धोक्याचं. आजारी बाईने त्या दिवशी संध्याकाळी जेवलं तर त्यात कमीपणा नाही, हे विहारातल्या ज्येष्ठांनीच सांगितलेलं बरं. पोरांचं कोणी ऐकत नाही.

वर्षातून एकदा डोळ्यांच्या पडद्याची, लघवीतल्या प्रथिनांची आणि पायांच्या संवेदनेची तपासणी व्हायला हवी. बीपी तर प्रत्येक भेटीत. पाय मात्र रोज रात्री घरीच पाहायचे, बोटांच्या बेचक्यांत आणि तळव्याला. ज्याला वाकता येत नाही त्याने जमिनीवर आरसा ठेवावा, नाहीतर नातवाला बघायला सांगावं. जखम दुखत नाही म्हणून थांबू नये. मधुमेहात न दुखणारी जखमच जास्त वाईट असते.