चुगलखोर जंतूची गोष्ट

थांबा रे पोरांनो, पाण्यात शिरायच्या आधी एक गोष्ट ऐका. कॅलिफोर्नियात हंटिंग्टन बीच नावाचा किनारा आहे. निळंशार पाणी, लाटांवर फळ्या घेऊन स्वार होणारी माणसं. 1999 च्या ऐन उन्हाळ्यात त्या किनाऱ्याचे मोठमोठे पट्टे बंद करावे लागले. पाहायला पाणी तर छान होतं. मग ते खराब आहे हे सांगितलं कुणी?

सांगितलं एका जंतूनं. त्याचं नाव एन्टेरोकॉकस. माणसांच्या, गुरांच्या, पक्ष्यांच्या आतड्यात तो राहतो आणि खाऱ्या पाण्यातही बराच तग धरतो. पोहणाऱ्याला सहसा तो स्वतः त्रास देत नाही. पण दारात चपला दिसल्या की घरात पाहुणे आलेत हे कळतं ना? तसा तो सापडला की पाण्यात विष्ठा मिसळली आहे आणि तिच्यासोबत जुलाब-उलट्यांचे विषाणूही आले असतील, हे कळतं. ते विषाणू एकेक करून शोधणं महाकठीण, म्हणून याला मोजायचं. तिथे 100 मिलिलिटर पाण्यात हे जंतू 104 च्या वर गेले की धोक्याची पाटी लागते. आपल्याकडे विष्ठेतले कोलिफॉर्म जंतू मोजतात. पोहण्याच्या समुद्रासाठी मर्यादा तेवढ्याच पाण्यात 100.

पण हे जंतू आले कुठून? सगळ्यांचा संशय सांडपाण्यावर. शास्त्रज्ञांनी दिवसरात्र बाटल्या भरल्या, आणि काय गंमत पाहा! जंतू रात्री वाढायचे, दिवसा घटायचे, कारण उन्हातले अतिनील किरण त्यांना मारत होते. शिवाय अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला आकडा चढायचा. किनाऱ्यामागे खाऱ्या पाण्याची दलदल होती. भरती तिच्यात शिरायची आणि परतताना पाणपक्ष्यांची विष्ठा समुद्रात आणायची. म्हणजे एक गुन्हेगार चक्क पंखवाला निघाला! चंद्र, सूर्य आणि पाखरं मिळून पाण्याचा गुण ठरवतात, याचं मला अजून नवल वाटतं.

एक अडचण मात्र आहे. जंतू वाढवून मोजायला जवळपास एक दिवस लागतो, म्हणजे हाती येतो तो कालच्या पाण्याचा निकाल. म्हणून आपणही डोकं चालवायचं. जोराचा पाऊस झाला की रस्त्यांची, गटारांची घाण समुद्रात उतरते. पुढचे तीन दिवस पाण्यात जायचं नाही. नाल्याच्या मुखाशी तर कधीच नाही. नुसतं गढूळ दिसलं म्हणून मात्र घाबरू नका, लाटांनी वाळू ढवळली तरी पाणी तसंच दिसतं.

पाणी स्वच्छ असलं तरी दुसरा एक धोका असतोच. आता समोर बघा. सगळीकडे लाटा फुटताहेत, पण मधला तो पट्टा शांत आणि गडद दिसतोय ना? तिथेच जावंसं वाटतं, आणि तिथेच जायचं नाही. लाटांनी किनाऱ्यावर लोटलेलं पाणी वाळूच्या दांड्यातल्या खोल फटीतून परत जातं. ती ओढ कधीकधी सेकंदाला दोन मीटरपर्यंत जाते, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही मागे टाकते. ओहोटीला ती बहुधा जोर धरते. आज षष्ठी. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, म्हणजे आज साडेचारच्या सुमारास भरती पूर्ण होईल. त्यानंतर सगळे बाहेर.

कधी त्या ओढीत सापडलातच तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका. ही ओढ बाहेर नेते, खाली खेचत नाही. तरंगत राहा, हात वर करून हाक मारा. दम असेल तर किनाऱ्याला समांतर पोहा. पट्टा अरुंद असतो, बाजूला फुटणाऱ्या लाटा लागल्या की त्यांच्यासोबत तिरके आत या.