टी-सेल लिम्फोमा : निदानाबद्दलचे पाच गैरसमज

लिम्फोसाइट (बी-पेशी, टी-पेशी) या पांढऱ्या पेशींच्या कर्करोगाला लिम्फोमा म्हणतात. नॉन-हॉजकिन या लिम्फोमाच्या मोठ्या गटात बी-पेशींच्या लिम्फोमाचे रुग्ण जास्त, टी-पेशींच्या लिम्फोमाचे जेमतेम १० ते १५ टक्के. टी-सेल लिम्फोमाच्या प्रकाराचं नेमकं नाव ठरवणं अवघड असतं.

गैरसमज : टी-सेल लिम्फोमा हा एकच आजार आहे.
वस्तुस्थिती : जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात याचे ३० हून अधिक प्रकार आहेत. नैर्ऋत्य जपानमध्ये जास्त आढळणाऱ्या एका प्रकारामागे एचटीएलव्ही-१ हा विषाणू असतो; नाकात वाढणाऱ्या दुसऱ्या एकाशी एपस्टाइन-बार विषाणूचा संबंध आहे. अ‍ॅनाप्लास्टिक लिम्फोमा या प्रकारात एएलके प्रथिन सापडलं, तर उपचारांना सहसा चांगला प्रतिसाद मिळतो.

गैरसमज : सुईने तपासणी झाली की पुरे.
वस्तुस्थिती : सुईच्या या तपासणीत (एफएनएसी) सुट्या पेशी मिळतात, गाठीची रचना दिसत नाही. शक्य असेल तिथे पूर्ण गाठ काढून तपासणं उत्तम. मानेतली गाठ टीबीचीच असणार, असंही आधीच धरून चालू नये. बायोप्सीपूर्वी स्टेरॉइड घेतली तर गाठ तात्पुरती ओसरते आणि निदान हुकू शकतं.

गैरसमज : त्वचेवरचे जुने चट्टे म्हणजे इसब किंवा सोरायसिसच.
वस्तुस्थिती : बहुतेकदा तसंच असतं. पण मायकोसिस फंगॉइडिस हा त्वचेचा टी-सेल लिम्फोमा सुरुवातीला हुबेहूब तसाच दिसतो. मलमांना न जुमानणारे, विशेषतः कपड्यांखाली झाकल्या जाणाऱ्या भागांवरचे चट्टे त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावेत. पहिल्या बायोप्सीत काही सापडलं नाही, तरी पुन्हा करावी लागू शकते.

गैरसमज : जनुकीय चाचणीत एकाच पेशीची पिलावळ दिसली, म्हणजे कर्करोग नक्की.
वस्तुस्थिती : अशी पिलावळ काही साध्या दाहांतही दिसते, आणि क्वचित खऱ्या लिम्फोमात दिसतही नाही. म्हणून सूक्ष्मदर्शकाखालचं चित्र, पेशींवरच्या सीडी३, सीडी४, सीडी३० यांसारख्या खुणा, जनुकीय चाचणी आणि रुग्णाची लक्षणं एकत्र पाहूनच निष्कर्ष काढतात.

गैरसमज : दुसरं मत घ्यायचं तर पुन्हा बायोप्सी आलीच.
वस्तुस्थिती : नमुना पुरेसा असेल, तर प्रयोगशाळेतले पॅराफिन ब्लॉक आणि स्लाइड घेऊन जाता येतात. या आजारात रक्तविकारांच्या अनुभवी पॅथॉलॉजिस्टच्या नजरेखालून नमुना गेल्यावर प्रकाराचं नाव बदलू शकतं, आणि त्याबरोबर औषधंही. त्यामुळे शक्यतो उपचार सुरू होण्यापूर्वीच हे मत घ्यावं.