संध्याकाळचा चहा आणि मुलांचे जेवण

लहान मुलांच्या आहाराचा विचार करताना सकाळचे दूध व दुपारचे जेवण यांकडे घरोघरी पुष्कळ लक्ष पुरविले जाते. संध्याकाळची वेळ मात्र बहुधा दैवावर सोडलेली असते. चार-साडेचारला वडील माणसांचा चहा होतो, त्याबरोबर मुलालाही बशीभर चहा व दोन बिस्किटे मिळतात. घरातील पाने नऊनंतर वाढली जातात, आणि तोपर्यंत मूल पेंगू लागलेले असते. ‘आमचे मूल रात्री जेवतच नाही,’ ही तक्रार येथून सुरू होते. वस्तुतः दोष मुलाच्या भुकेचा नसून जेवणाच्या वेळेचा असतो.

१९९८ साली अकोल्यापासून वेगळ्या झालेल्या वाशीम जिल्ह्याचा संसार मुख्यतः सोयाबीन, तूर व कपाशी यांवर चालतो. निंदणाच्या व सोंगणीच्या दिवसांत आई दिवेलागणीस घरी येते. मग चूल पेटते. शहरातील घरात शेताची जागा कचेरी किंवा दुकान घेते. वडील येईपर्यंत ताटे थांबतात. कारणे निराळी, परंतु परिणाम एकच.

तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत सकाळचा नाश्ता व गरम जेवण मिळते. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात त्याचे प्रमाण दररोज ५०० उष्मांक असे ठरविले आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली चार ते सहा वर्षांच्या मुलाची रोजची गरज सुमारे १३६० उष्मांक सांगितली. म्हणजे अंगणवाडीचा वाटा पुरता पोटात गेला, तरी सुमारे ८६० उष्मांक घरानेच द्यावयाचे असतात. मूल न जेवता निजले, तर दुपारपासून दुसऱ्या सकाळपर्यंतचा दीर्घ काळ चहा-बिस्किटांवरच जातो. असे क्वचित घडल्यास बिघडत नाही. नित्य घडल्यास मात्र वजन व उंची मागे पडू लागतात.

चहाने आणखी एक हानी होते. त्यातील टॅनिन अन्नातील लोह शरीरात नीट शोषू देत नाही. चहातील कॅफीनने झोप बिघडते, आणि साखरेने भूक मरते. लहान मुलास चहा न देणेच इष्ट होय.

तेव्हा उपाय असा की, मुलाचे जेवण मोठ्यांच्या पंक्तीशी बांधू नये. शाळेतून किंवा अंगणवाडीतून आल्यावर एखादे केळे अथवा पेलाभर ताक पुरे. साडेसहा-सातच्या सुमारास मात्र त्याला खरे जेवण द्यावे. आई शेतात असेल, तर आजीने किंवा घरातील अन्य जाणत्या माणसाने हे काम पत्करावे. मुरमुऱ्यांत शेंगदाण्याचे कूट व गूळ कालवून दिल्यास स्वयंपाक होईपर्यंत मुलाला आधार मिळतो. अख्खे शेंगदाणे मात्र लहान मुलास देऊ नयेत, ते घशात अडकण्याचा धोका असतो.

मुलाचे पोट लहान असते. म्हणून अन्न थोडे पण घट्ट असावे. पातळ वरणाच्या पाण्याने पोट भरते, पोषण होत नाही. तुरीचे किंवा मुगाचे घट्ट वरण, त्यात कुस्करलेली ज्वारीची भाकरी अथवा मऊ भात आणि वर चमचाभर तेल किंवा तूप, एवढे साधे जेवण पुरेसे आहे. चमचाभर तेलानेच सुमारे ४५ उष्मांक वाढतात. जोडीला शिजवलेली पालेभाजी किंवा भोपळा असावा. ज्यांच्याकडे चालते त्यांनी उकडलेले अंडे द्यावे. विदर्भाच्या उन्हाळ्यात दुपारचे शिजलेले अन्न बाहेर ठेवल्यास लवकर आंबते. म्हणून संध्याकाळचे अन्न ताजे असावे.

सहा महिन्यांपर्यंत केवळ आईचे दूध द्यावे. त्यानंतर वरचे अन्न सुरू करून अंगावरचे दूधही दोन वर्षे वा अधिक काळ चालू ठेवता येते. संध्याकाळच्या जेवणानंतर निजताना ते दिल्यास काही बिघडत नाही. मोठे मूल सातला जेवून नऊच्या पंक्तीतही बसू इच्छील, तर त्याला दोन घास खुशाल द्यावेत. परंतु जबरदस्तीने भरवू नये. किती खावे हे मुलाला ठरवू द्यावे. वेळ आणि अन्न ठरविणे हे घराचे काम आहे. एवढी विभागणी पाळली, तर रात्रीच्या जेवणावरून होणारे पुष्कळसे रडणे व रागावणे आपोआप थांबते.