कॅमेऱ्याचं चित्र साडेचार मिनिटांत का थांबतं? राउटरवर मल्टिकास्टला लगाम

मल्टिकास्टच्या व्हिडिओत सेटिंग दाखवल्या. त्या का करायच्या, ते इथे लिहून देतो.

कळमन्याच्या यार्डात मिरचीचा किंवा संत्र्याचा लिलाव पाहिला असेल तर अर्धं समजलंच. पुकारणारा भाव एकदाच पुकारतो. ढिगाभोवती पाच व्यापारी असोत की पन्नास, त्याच्या घशाला त्रास तेवढाच. तोच भाव एकेकाच्या कानात सांगायचा म्हटलं, तर शेवटच्याला कळेपर्यंत माल उठलेला असेल. कानात सांगणं म्हणजे युनिकास्ट, एकदाच पुकारणं म्हणजे मल्टिकास्ट.

मुंबईत यावरून केवढा वाद झाला, आठवतं? एनएसईच्या को-लोकेशनमध्ये सौद्यांचा टिक-बाय-टिक डेटा आधी टीसीपीने, म्हणजे एकेका ब्रोकरला क्रमाने जायचा. जो सर्व्हरला आधी जोडला गेला, त्याला भाव आधी. २०१४ मध्ये एनएसई मल्टिकास्टवर गेलं. सेबीने ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात एनएसईला ६२४.८९ कोटी रुपये व्याजासह भरायला सांगितले. जानेवारी २०२३ मध्ये सॅटने ती वसुली रद्द केली आणि १०० कोटी भरायला सांगितले. कोर्टकचेरीचं सोडा, आपल्यासाठी मुद्दा एवढाच की एकाच वेळी सगळ्यांना द्यायचं असेल तर एकदाच पुकारा.

आता आपलं दुकान. समजा यार्डाजवळ अडत्याचं ऑफिस आहे, मागे गोडाऊन, १६ कॅमेरे, प्रत्येकाचा ४ मेगाबिटचा प्रवाह. तीन स्क्रीनवर सगळे बघायचे तर युनिकास्टमध्ये १९२ मेगाबिट, मल्टिकास्टमध्ये ६४. मस्त! पण साधा स्विच मल्टिकास्ट आला की प्रत्येक पोर्टवर ढकलतो. बिलिंगच्या कॉम्प्युटरने काही मागितलं नाही, तरी त्याच्या १०० मेगाबिटच्या पोर्टवर ६४ मेगाबिट येऊन पडतात. वायफायवर तर हाल, कारण अॅक्सेस पॉइंट मल्टिकास्ट सहसा सगळ्यात हळू वेगाने पाठवतो. मग लिलावाच्या सकाळी पावती निघत नाही, आणि शेतकरी गाडी भरून बाहेर उभा.

यावरचा पहिला लगाम आयजीएमपी स्नूपिंग, आणि तो स्विचवर असतो. कुठल्या पोर्टने कुठला ग्रुप मागितला, हे स्विच ऐकून ठेवतो आणि तिथेच पाठवतो. इथेच बहुतेकांची गाडी अडते. स्नूपिंग चालू केलं, चित्र छान दिसलं, साधारण सव्वाचार मिनिटांनी गायब. कॅमेरा खराब नसतो बरं का. "अजून कोणाला हवंय का?" असं विचारणारा क्वेरियर नेटवर्कमध्ये नसतो. तो साधारण दर १२५ सेकंदांनी विचारतो. कोणी विचारलंच नाही तर सुमारे २६० सेकंदांनी स्विच नोंद पुसून टाकतो. म्हणून राउटरवर किंवा एका स्विचवर क्वेरियर चालू हवाच. दोघांवर असेल तर ज्याचा आयपी लहान, तो जिंकतो. राउटरला .१ देण्याचा हा एक फायदा.

सगळं एकाच लॅनमध्ये असेल तर इथेच थांबा. राउटरवर मल्टिकास्ट राउटिंग चालू करायची गरजच नाही; उगाच नवीन भानगड.

ऑफिस आणि गोडाऊन वेगळ्या व्हीलॅनमध्ये असतील तेव्हा मात्र राउटरला मध्ये यावं लागतं. पिम स्पार्स मोड घ्या. डेन्स मोड आधी सगळीकडे ओततो, मग नको तिथे बंद करतो, आणि ते परत परत. ते आपल्याला परवडत नाही. स्पार्स मोडला आरपी म्हणजे भेटीची जागा लागते. छोट्या धंद्यात एकच राउटर असतो, त्याचाच पत्ता सरळ हाताने टाका. तरीही चित्र पलीकडे गेलं नाही तर कॅमेऱ्याचा टीटीएल बघा. तो १ असेल तर राउटर पॅकेट तिथेच टाकून देणार.

ग्रुपचा पत्ता २३९ ने सुरू होणारा घ्या, ते पत्ते संस्थेच्या आतल्या वापरासाठीच राखलेले आहेत. पण २३९.०.०.१ नको! मल्टिकास्टचे ३२ आयपी एकाच मॅक पत्त्यावर बसतात. हा पत्ता २२४.०.०.१ च्याच मॅकवर जातो आणि अनेक स्विच तो स्नूपिंग असूनही सगळीकडे पाठवतात. २३९.१०.१.१ पासून सुरू करा.

मग अॅक्सेस लिस्ट लावून तेवढेच ग्रुप मान्य करा. टीव्ही, प्रिंटर २३९.२५५.२५५.२५० वर एकमेकांना हाका मारत असतात, त्या हाका गोडाऊनपर्यंत नेऊन काय करायचं? बाहेरच्या, म्हणजे इंटरनेटच्या इंटरफेसवर पिम अजिबात नको आणि मल्टिकास्ट बाउंडरी हवी. मोबाइलवर घरून कॅमेरा बघायचा असेल तर रेकॉर्डरवरून व्हीपीएनने साधा युनिकास्ट घ्या. साध्या इंटरनेट कनेक्शनवर मल्टिकास्ट पलीकडे जात नाही.

काम झालं की राउटरवर ग्रुपची यादी उघडा, त्यात तुमचेच ग्रुप दिसले पाहिजेत. मग स्क्रीनवर चित्र लावून पावती फाडत बसा. पाच मिनिटं चित्र टिकलं की मगच इन्स्टॉलरचं बिल द्या.