हळदीचा पिवळा

वरणगावात भुसावळ रस्त्यालगतच्या एका लग्न-चित्रणाच्या दुकानात मी सलग दोन दुपारी बसून काढल्या, त्या पुतण्याच्या हळदीची फिल्म लवकर पदरात पडावी एवढ्याच स्वार्थापोटी. हळद लागली होती वैशाखात, अकराच्या उन्हात, उघड्या अंगणात. आणि ती टिपली होती घरच्याच एका फोनवर, ज्याच्या पडद्यावर पितळी परातीची झळाळी, ओल्या हळदीचा पिवळा आणि मांडवाखालची सावली ही तिन्ही जागच्या जागी दिसत. तीच क्लिप जशीच्या तशी मंगल कार्यालयाच्या प्रोजेक्टरवर लावली, तेव्हा राख फासल्यासारखी मंडळी भिंतीवर उमटली, आणि आत्याबाई सर्वांदेखत म्हणाल्या, “हळद ताकात कालवली होती का रे?”

दोष हळदीचा नव्हता, फोनचाही नव्हता. जुन्या पडद्यांचा हिशेब 100 निट, म्हणजे दर चौरस मीटरला 100 कँडेला, उजेडावर बेतलेला; फोनवरची एचएलजी ही उजेड नोंदवण्याची पद्धत, जी बीबीसी आणि जपानच्या एनएचके यांनी मिळून सिद्ध केली, सामान्यतः 1000 निट गृहीत धरते, आणि 2014 साली प्रमाणित झालेल्या पीक्यू पद्धतीची मजल तर 10,000 पर्यंत. रंगांचे क्षेत्रही तितकेच विस्तीर्ण. ते आकडे साध्या पडद्याने आपल्या तोकड्या मापाने वाचले की रंग विटतात.

दुकानदाराने प्रथम क्लिपमधील संकेत प्रत्यक्ष प्रकाशाच्या प्रमाणात उलगडले आणि मग एक वक्ररेषा ओढली, जी चेहऱ्यांच्या उजेडापर्यंत जवळजवळ सरळ जाई आणि तेथून पुढे हळूहळू बाक घेई. मला जुन्या महसुली दफ्तरातील आणेवारी आठवली : पीक किती आणे उतरले ते पाहून सारा किती सोडायचा, हे ठरवावेच लागे. परातीवरच्या उन्हाला त्याने बेमुर्वत कात्री लावली. चेहऱ्यांना हात लावला नाही.

खरी पंचाईत हळदीची झाली. पिवळ्यात तांबडा आणि हिरवा भरपूर, निळा अत्यल्प. तिन्हींवर वक्र स्वतंत्रपणे चालवला तर पहिले दोन दबतात, निळा तसाच राहतो, आणि पिवळा पांढुरका होतो. तिघांना एकाच प्रमाणात उतरवले तर रंग टिकतो, पण ओल्या हळदीवरची चकाकी तैलरंगाने लिंपल्यासारखी दिसते. त्याने दोहोंचे मिश्रण केले, आणि त्या मिश्रणाचे प्रमाण कोणत्याही पुस्तकातून नव्हे, तर शेजारच्या वाण्याकडून आणलेली चिमूटभर हळद टेबलावर ठेवून ठरवले! मला हे फार आवडले.

उरले आकाश. दर रंगाच्या 1024 पायऱ्या 256 वर आणताना त्यात पट्टे उमटले. ते त्याने बारीक रव्यासारखा दाणा मिसळून मोडले.

आत्याबाईंनी दुसऱ्यांदा फिल्म पाहिली, त्या काही बोलल्या नाहीत. एक विनंती मात्र करतो : फिल्म हाती आली म्हणून फोनमधील मूळ क्लिप पुसू नका, कारण परातीवरचे ते ऊन आता फक्त तिच्यातच आहे.