विमानाच्या छतातून आलेली दृष्टी

'स्पिटफायर' हा २०१८चा माहितीपट दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटनच्या लाडक्या लढाऊ विमानाचा गौरव करतो. त्या काळच्या अशा विमानांत वैमानिकाच्या डोक्यावर 'पर्स्पेक्स' या पारदर्शक प्लास्टिकचे छत असे. मोतीबिंदूवरील आजच्या उपचाराचे मूळ या छतात आहे.

ऑगस्ट १९४० मध्ये गॉर्डन क्लीव्हर या वैमानिकाच्या विमानाचे छत गोळ्यांनी फुटले आणि त्याचे तुकडे डोळ्यांत घुसले. अनेक जण समजतात तसे ते विमान स्पिटफायर नव्हते, हरिकेन होते. डोळ्यात बाहेरची वस्तू गेली की सहसा दाह होतो. हे तुकडे मात्र डोळ्याने निमूट सहन केल्याचे लंडनचे नेत्रतज्ज्ञ हॅरल्ड रिडली यांनी हेरले.

तेव्हा मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात भिंगच उरत नसे. जाडजूड चष्मा आयुष्यभर वापरावा लागे. रिडली यांनी त्याच जातीच्या प्लास्टिकचे भिंग बनवून घेतले आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजी सेंट थॉमस रुग्णालयात एका महिलेच्या डोळ्यात बसवले. अनेक नेत्रतज्ज्ञांनी त्यांना वर्षानुवर्षे विरोध केला.

आता घडी होणारे मऊ भिंग छोट्याशा छेदातून बसते. त्यामुळे मोतीबिंदू 'पिकण्याची' वाट पाहू नये. दिसण्यात अडचण येऊ लागली, की डॉक्टरांना भेटावे.